मामांनी चारदा ‘हो’ म्हटलं, दोनदा मी

सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा यात्रेचे पाळणे उभे राहायला लागले होते, संक्रांत चार-पाच दिवसांवर होती, आणि मामांच्या व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. नाव ‘आरटीओ ई-चलान’ आणि शेवटी डॉट एपीके. पाठवणारा ओळखीचा, मागाचे सुटे भाग विकणारा, वीस वर्षांचा व्यवहार. खाली दोन ओळी: तुमच्या वाहनावर दंड आहे, पावती पाहण्यासाठी फाइल उघडा.

मामांचा आठ मागांचा छोटा कारखाना. त्यांचा टेम्पो टॉवेलचे गठ्ठे घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चाटी गल्लीपर्यंत दिवसातून दोन-तीन फेऱ्या मारतो, आणि ड्रायव्हरची सिग्नलशी जुनी दुष्मनी आहे. दंड झालाच असणार, असं मामांना वाटलं यात नवल काहीच नाही. त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या गेल्या, त्यांना ‘हो’ म्हटलं. मग एक पान उघडलं, वर अशोकस्तंभ, खाली ‘तपासणीसाठी १ रुपया भरा’. त्यांनी कार्डाचा नंबर टाकला. पान गोल गोल फिरत राहिलं, शेवटी बंद पडलं. मामांनी फोन खिशात टाकला आणि कारखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा होईपर्यंत खात्यातून दोन हिश्श्यांत ७३,००० रुपये गेलेले होते. एकही ओटीपी मामांनी कुणाला सांगितला नव्हता. सांगणार कसे, ओटीपीचा मेसेज त्यांना दिसलाच नव्हता.

“तू कॉम्प्युटर शिकलेला ना बे?” मामा मला म्हणाले. “मग सांग की, हा व्हायरस आत घुसला कसा?”

तो घुसला नाही. तो विचारून आला, एकदा नाही, सहा वेळा. त्या सहापैकी चार ‘हो’ मामांचे होते. उरलेले दोन कुणाचे, ते पुढे सांगतो. आधी हे विचारणं काय असतं ते पाहू, कारण बहुतेकांच्या डोक्यात ‘व्हायरस’ म्हणजे भिंत फोडून येणारा चोर असतो. मोबाइलवरचा चोर बहुतेक वेळा बेल वाजवतो.

खुलं असणं दोन तऱ्हेचं

अँड्रॉइड ही खुली व्यवस्था आहे असं म्हणतात. त्यातून लगेच निष्कर्ष निघतो की खुली आहे म्हणून असुरक्षित आहे. हा गोंधळ आधी सोडवायला हवा, कारण ‘खुलं’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. गूगलने ही कंपनी २००५ मध्ये विकत घेतली, पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये बाजारात आला. खाली लिनक्स या खुल्या संगणक-व्यवस्थेचा गाभा, वर अँड्रॉइडचे थर. हा कोड कुणीही वाचू शकतो, घेऊन आपल्या फोनसाठी बदलू शकतो. दहा हजारांच्या आत चांगला फोन मिळतो, विडी वळणाऱ्या बाईपासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांच्या हातात तो दिसतो, त्याचं मोठं कारण हे. यात धोका फारसा नाही, उलट कोड उघडा असल्यामुळे जगभरचे तज्ज्ञ त्यातल्या चुका शोधतात.

दुसरी गोष्ट वेगळी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ॲप कुठूनही टाकता येतं. प्ले स्टोअरमधून, दुसऱ्या एखाद्या दुकानातून, वेबसाइटवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून. ती फाइल म्हणजे एपीके. खरं तर ती एक झिप असते. आत ॲपचा कोड, चित्रं, आणि एक यादी, ज्यात ॲपने आधीच लिहून ठेवलेलं असतं की मला काय काय परवानग्या लागतील. फोटो उघडला तर फोटो दिसतो, पीडीएफ उघडली तर कागद दिसतो. एपीके उघडली तर मात्र घरात एक भाडेकरू राहायला येतो. पावती किंवा लग्नपत्रिका एपीकेमध्ये असण्याचं कारणच नाही. एवढी एक गोष्ट मामांना माहीत असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक ॲपवर सही असते ना? असते. प्रत्येक एपीकेवर तिच्या बनवणाऱ्याची डिजिटल सही असावीच लागते, नाहीतर फोन ती घेतच नाही. पण या सहीचा अर्थ लोक समजतात त्याहून लहान आहे. सोलापुरी चादरीचं उदाहरण घ्या. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी परगावच्या बाजारात ‘सोलापुरी चादर’ म्हणून काय काय खपतं ते आपल्याला ठाऊक आहे. चादरीवर छाप असली की एवढंच कळतं की हा माल त्या छापवाल्याचा आहे. छापवाला कोण, सूत कसलं, हे छाप सांगत नाही. ॲपची सहीही तशीच. ती बनवणारा स्वतःच तयार करतो, कुठल्या सरकारी कार्यालयात जाऊन घ्यावी लागत नाही. तिचा उपयोग इतकाच की आज आलेला अपडेट काल ज्याने ॲप दिलं त्याचाच आहे याची फोनला खात्री पटते. चोरही स्वतःच्या सहीने ॲप काढतो. सही खरी असते, माणूस खोटा असतो.

मग नामांकित ॲप उघडायचं, आत आपला कोड शिवायचा, स्वतःची छाप मारून पुन्हा बाजारात सोडायचं, हा धंदा फार जुना. मार्च २०११ मध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ नावाचं प्रकरण झालं. ५० हून जास्त ॲप्स, त्यातली बरीचशी अशीच शिवलेली, आणि ती गूगलच्या स्वतःच्या दुकानात होती. गूगलला लोकांच्या फोनमधून ती दूरवरून काढून टाकावी लागली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, दुकानात येणारं प्रत्येक ॲप आपोआप तपासणारी यंत्रणा असल्याचं गूगलने जाहीर केलं.

तपासणी आली तरी दुकान धुतल्या तांदळासारखं झालं असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या लोकांना कॅमस्कॅनर या कागद स्कॅन करणाऱ्या, दहा कोटींहून जास्त वेळा उतरवलेल्या ॲपमध्ये घातक भाग सापडला. तो जाहिराती दाखवणाऱ्या बाहेरच्या तुकड्यातून आला होता. आणखी एक साधं बारकोड वाचणारं ॲप कोटभर फोनांत वर्षानुवर्षं निमूट काम करत होतं, २०२० च्या अखेरीस एका अपडेटने ते बिघडलं आणि न विचारता जाहिराती उघडायला लागलं. म्हणजे काल चांगलं असलेलं ॲप आजही चांगलंच असेल असं नाही. प्ले स्टोअरच्या बाहेरची दुकानं तर विचारू नका. २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने ‘एजंट स्मिथ’ उघडकीला आणलं, ते अशाच एका बाहेरच्या दुकानातून पसरलं होतं. जगभरातल्या सुमारे २.५ कोटी फोनांपैकी सुमारे १.५ कोटी एकट्या भारतातले होते.

ॲप आत आलं, तरी सगळं घर त्याचं होत नाही

आता मामांच्या प्रश्नाचा गाभा. ॲप फोनमध्ये आलं म्हणजे लगेच त्याला बँकेच्या ॲपमधलं सगळं दिसतं का? नाही. ही गोष्ट अँड्रॉइडची खरी ताकद आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

लिनक्स मुळात अनेक माणसांनी एकच संगणक वापरावा यासाठी बनलेली व्यवस्था. एकाच्या फायली दुसऱ्याला दिसत नाहीत. अँड्रॉइडने गंमत अशी केली की फोन वापरणारा माणूस एक असला तरी प्रत्येक ॲपलाच वेगळा माणूस मानलं. प्रत्येकाला वेगळा क्रमांक, वेगळी खोली. आपल्याकडच्या विडी घरकुल वसाहतीसारखं समजा. घरं एकसारखी, ओळीत, भिंतीला भिंत, पण प्रत्येकाचं कुलूप वेगळं. गॅलरीचं ॲप बँकेच्या ॲपच्या खोलीत डोकावू शकत नाही. मामांच्या फोनमधल्या त्या खोट्या चलानालाही बँकेच्या खोलीत जाता आलं नव्हतं.

मग त्याने काय केलं? घरकुलातल्या खोल्यांना कुलपं असली तरी पोस्टमन सगळ्यांचा एकच असतो.

तो पोस्टमन म्हणजे एसएमएस. ज्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी आहे त्याला फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस वाचता येतो, मग तो बँकेच्या ओटीपीचा असो की व्हॉट्सॲपच्या कोडाचा. आपल्या देशात ओळख पटवण्याचं सगळं गाडं मेसेजवर चालतं. कार्डाने पैसे भरायचे तर ओटीपी मेसेजने. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करायचं तर कोड मेसेजने. यूपीआयचं तर आणखी पुढचं आहे. २०१६ पासून चालू असलेल्या या पद्धतीत नवा फोन जोडताना तुमच्या सिमवरून एक मेसेज आपोआप बाहेर जातो आणि त्यावरून ठरतं की हा नंबर याच फोनचा. म्हणून चोराला मेसेज वाचण्याच्या परवानगीबरोबर मेसेज पाठवण्याचीही परवानगी हवी असते.

मामांच्या बाबतीत साखळी अशी जुळली. त्या १ रुपयाच्या पानावर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले. चोराने ते वापरून कुठेतरी पैसे भरायला घेतले. बँकेने ओटीपी मामांच्या फोनवर पाठवला. खोट्या चलानाने तो वाचला, इंटरनेटवरून चोराकडे धाडला. सकाळी कळलं, तोपर्यंत काम झालं होतं. आणि मागाचे सुटे भाग विकणाऱ्या त्या बिचाऱ्याचं काय? त्याच्याही फोनमध्ये हेच झालं होतं. त्याच्या व्हॉट्सॲपचा कोड चोराने वाचला, त्याचं खातं आपल्या फोनवर सुरू केलं, आणि त्याच्या नावाने त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फाइल पाठवली. ओळखीच्या नंबरवरून आलं म्हणून विश्वास ठेवला, असं सगळेच सांगतात. ही फाइल मुळात ओळखीच्याच नंबरवरून येते.

आता एक प्रश्न राहतो: हे ॲप प्ले स्टोअरमध्येच का नाही ठेवलं? तिथे तर लोक डोळे मिटून उतरवतात. कारण २०१८ च्या अखेरीस गूगलने नियम केला आणि २०१९ च्या सुरुवातीपासून तो लागू केला की ज्या ॲपचं मुख्य कामच मेसेज किंवा कॉल हाताळणं आहे, त्यालाच, आणि मोजक्या अपवादांना, या परवानग्या मागता येतील. बॅटरीचं ॲप किंवा खेळ मेसेज वाचायला मागू लागला तर तो दुकानातून बाहेर. म्हणजे चोराला जी एक किल्ली हवी, तीच दुकानात मिळेनाशी झाली. म्हणून तो व्हॉट्सॲपच्या दाराशी आला. फाइल कुठून आली आणि ती काय मागते, या दोन गोष्टी जोडून पाहिल्या की नव्वद टक्के नाटक तिथेच उघडं पडतं. (नव्वद हा आकडा माझ्या मनाचा, बोलण्यातला. मोजायला कुणी गेलं नाही.)

मेसेजपेक्षाही जड एक किल्ली आहे. तिचं नाव ॲक्सेसिबिलिटी. ही मूळची फार चांगली सोय. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी टॉकबॅकसारखं ॲप पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं, त्यांच्या वतीने बटणं दाबतं. नीट विचार करा: पडद्यावरचं सगळं वाचणं आणि तुमच्या वतीने बटणं दाबणं. दृष्टिहीन माणसासाठी ही काठी आहे, चोराच्या हातात ती तुमचा हात होते. बँकेच्या खोलीत जायची त्याला गरजच उरत नाही. तुम्ही स्वतः खोली उघडता, तेव्हा तो तुमच्या खांद्यावरून वाचतो, आणि तुम्ही झोपल्यावर तुमच्याच बोटाने बटण दाबतो. ॲप काढून टाकायला गेलात तर ‘काढा’वर बोट पडायच्या आत तो मागे जायचं बटण दाबतो. ‘ड्रिनिक’ नावाचं ॲप असंच वाढत गेलं. सुरुवातीला नुसते मेसेज चोरणारं, पुढे आयकराचा परतावा देण्याच्या नावाखाली येऊन बँकांची माहिती काढणारं. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने त्याबद्दल इशारा काढला, त्यात २७ बँकांच्या ग्राहकांना धोका असल्याचं म्हटलं होतं.

यावर गूगलने २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये एक कडी घातली. दुकानाबाहेरून, एखाद्या फाइलमधून आलेल्या ॲपसाठी ॲक्सेसिबिलिटीचं बटण राखाडी असतं, सहज चालू होत नाही. चोरांनी पळवाटा काढल्या आहेतच. पण ती कडी असणं बरं.

परवानगीचं राजकारण फक्त चोरापुरतं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. झटपट कर्ज देणारी ॲप्स आठवा. त्यांत व्हायरस नव्हता. त्यांनी फक्त संपर्कांची यादी आणि फोटो मागितले, हप्ता चुकला की त्या यादीतल्या नातेवाइकांना, मालकाला, शेजाऱ्यांना फोन करून माणसाची अब्रू काढली. आमच्या गल्लीत हे पाहिलंय, तपशील सांगत नाही. ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो मागायलाच बंदी झाली. त्यानंतर अशी ॲप्स कुठून येतात, ओळखा. फाइल म्हणून.

ते सहा ‘हो’

आता मोजू या. एखादं बाहेरचं ॲप फोनमध्ये येऊन मेसेज वाचायला लागेपर्यंत फोन काय काय विचारतो?

व्हॉट्सॲपमधली फाइल दाबली, हा पहिला. मग फोन म्हणतो, व्हॉट्सॲपवरून ॲप टाकायची परवानगी नाही, हवी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. हा दुसरा. पूर्वी हे बटण सगळ्या फोनला मिळून एकच असायचं, २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ते प्रत्येक ॲपसाठी वेगळं झालं. व्हॉट्सॲपला वेगळं, ब्राउझरला वेगळं. तिसरा, ‘इन्स्टॉल करू का?’ चौथा, प्ले प्रोटेक्टचा. हा २०१७ पासून फोनवर बसलेला पहारेकरी, बाहेरून आलेलं ॲपही तपासतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारतासाठी त्याला जास्त अधिकार देत असल्याचं जाहीर केलं: ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप जर मेसेज, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी मागत असेल तर नुसतं सावध करायचं नाही, थेट अडवायचं. पाचवा, ‘मेसेज वाचू आणि पाठवू देऊ का?’ २०१५ च्या आधी हे सगळं ॲप टाकतानाच एका लांबलचक यादीत विचारलं जायचं आणि कुणी वाचत नसे. अँड्रॉइड ६ पासून प्रत्येक गोष्ट वापरायच्या वेळी वेगळी विचारली जाते. आणि सहावा, ‘मागे सतत चालू राहू देऊ का, बॅटरीची बचत याला लागू नको ना?’ हा प्रश्न सगळ्यात निरुपद्रवी वाटतो. फोन खिशात असताना ओटीपी वाचत बसायचं असेल तर चोराला तो सगळ्यात जास्त लागतो.

मामांनी पहिला, तिसरा, पाचवा आणि सहावा दाबला. दुसरा आणि चौथा त्यांना विचारलेच गेले नाहीत.

ते मी दाबले होते, दोन वर्षांपूर्वी. मामींना तेलुगू सिनेमे आवडतात (सोलापुरात जन्मून तेलुगू कानावर पडलं नाही असा माणूस विरळा), आणि पैसे न भरता सिनेमे दाखवणारं एक ॲप माझ्याकडे होतं. मी ते व्हॉट्सॲपवर मामांना पाठवलं, त्यांच्या फोनवर व्हॉट्सॲपला इन्स्टॉलची परवानगी दिली, प्ले प्रोटेक्ट कटकट करत होता म्हणून तो बंद केला. “काही होत नाही हो मामा,” असंही म्हणालो. नंतर दोन्ही पूर्ववत करायचं राहून गेलं. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, मामींनी मात्र भाकरी थापता थापता माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पुरे होतं.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन आज हातात घ्या आणि सेटिंगमधल्या शोधाच्या चौकटीत ‘अननोन ॲप्स’ असं लिहा. जी यादी येईल तिच्यात व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि ब्राउझर यांच्यापुढे ‘परवानगी नाही’ असायला हवं. मग प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे त्यांच्या फोटोवर दाबा आणि प्ले प्रोटेक्ट चालू आहे का पाहा. तीन मिनिटांचं काम आहे.

मग आयफोनच घ्यावा का?

मामेभावाचं मत तेच पडलं. आयफोनवर अशी फाइल उघडून ॲप टाकता येत नाही हे खरं. पण २०१५ मध्ये ‘एक्सकोडघोस्ट’ प्रकरणात ॲप बनवणाऱ्यांचं साधनच दूषित झालं होतं आणि बाधित ॲप्स थेट ॲपलच्या दुकानात पोचली होती. बंद दारामागेही घाण होते, फक्त कमी वेळा. आणि आयफोनची किंमत मामेभावाने भरायची नव्हती.

मला खुलेपणा सोडायचा नाही, आणि हे मी हात पोळल्यावर म्हणतोय. २०१० पासून चालू असलेलं एफ-ड्रॉइड हे दुकान घ्या. तिथे फक्त खुल्या कोडची ॲप्स मिळतात, जाहिराती आणि पाळत यांच्यापासून बरीच मोकळी. बंद व्यवस्थेत असं दुकान सहजासहजी उभं राहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की पुढे दुकानाबाहेरून येणाऱ्या ॲपच्या बनवणाऱ्यालाही आपली खरी ओळख नोंदवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग बाकी जग. छापवाला कोण हे छापेवरून कळत नाही ही जी अडचण वर सांगितली, तिच्यावरचा हा उपाय. एफ-ड्रॉइडवाल्यांनी विरोध केला: कोण ॲप बनवू शकतो हे एकाच कंपनीने का ठरवावं? मला दोन्ही बाजू पटतात आणि त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही.

विचारल्याशिवाय आत येणारे चोरही असतात, तेवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची चूक उघड झाली. व्हिडिओ हाताळणाऱ्या भागात दोष होता, आणि नुसता एक एमएमएस, म्हणजे फोटो-व्हिडिओचा मेसेज, आला तरी फोनवर ताबा मिळू शकत होता. कुठलाच ‘हो’ लागत नव्हता. त्यानंतरच्या महिन्यापासून गूगलने दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या काढायला सुरुवात केली. पण खुल्या व्यवस्थेची गोची इथे आहे: दुरुस्ती गूगलकडून निघते, चिप बनवणाऱ्याकडून, मग फोन बनवणाऱ्याकडून, आणि शेवटी तुमच्याकडे. मधल्या कुणी आळस केला की वाट बंद. महागड्या फोनांना आता सात वर्षं अपडेट मिळतील असं सांगतात, बऱ्याच स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षांनी कुणी विचारत नाही. सेकंडहँड फोन घेताना लोक कॅमेरा आणि बॅटरी बघतात. ‘फोनबद्दल’ या पानावर सुरक्षेच्या अपडेटची तारीख लिहिलेली असते, ती बघा. ती तीन वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन गाणी ऐकायला ठेवा, बँकेला नको.

सकाळी आम्ही काय केलं

पहिली चूक अशी झाली की मामा त्याच फोनवरून बँकेला फोन लावत बसले. मी आधी फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे ॲपचं चोराशी बोलणं तुटलं. सिम काढून मामींच्या बटणवाल्या फोनमध्ये घातलं. त्या फोनला एपीके कळतच नाही, ओटीपी तिथे सुखरूप येतो. मग तिथून १९३० ला फोन. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या खात्यांत गेले तिथे ते गोठवायचा प्रयत्न होतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवत असतो, म्हणून इथे तास नाही, मिनिटं मोजायची. मग बँक, कार्ड बंद, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक या बाबतीत वाचण्यासारखं आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला काही भरावं लागत नाही. पण ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज वाटून दुपारपर्यंत गप्प बसणं महागात पडतं. लोक पैशांपेक्षा लाजेनेच जास्त वेळ घालवतात.

खोटं चलान शोधायला वेळ लागला. पडद्यावर त्याचं चिन्हच नव्हतं, एकदा उघडल्यावर ते लपलं होतं. सेटिंगमधल्या ॲपच्या पूर्ण यादीत सापडलं. निघालं सहज, पण काही ॲप्स निघत नाहीत. तेव्हा फोन सेफ मोडमध्ये सुरू केला की बाहेरून टाकलेली ॲप्स झोपलेली असतात आणि तिथून काढता येतात. आम्ही शेवटी फोन पूर्ण रीसेट केला. सिमवरून ##००२# हा कोड लावून कॉल कुठे वळवलेले असतील तर ते बंद केले. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला, कारण नुसत्या मेसेजच्या कोडाने खातं पळवता येऊ नये.

७३,००० पैकी २४,००० एका खात्यात थांबवता आले. बाकीचे गेले.

काम इथे संपलं नव्हतं. मामांच्या व्हॉट्सॲपवरूनही रात्रीतून तीच फाइल पुढे गेली होती: भिशीचा ग्रुप, कारखानदारांचा ग्रुप, नंदीध्वजाचे मानकरी, अक्कलकोटचे व्याही. मामांनी वहीत नावं काढली आणि मामींच्या फोनवरून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली, कुणाशी मराठीत, कुणाशी तेलुगूत, व्याह्यांशी कानडीत. “माझ्या नावाने काही आलं असेल तर उघडू नका की, मी पाठवलेलं नाही ते.” दर वेळी मागचं सगळं पुन्हा सांगायचं, दर वेळी पलीकडून “अरेरे” ऐकायचं. सव्विसाव्या नावाला पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग तो माणूस म्हणाला, “तुमचं चलान होय? ते तर मी रात्रीच उघडलं. उघडत नव्हतं म्हणून पोराला सांगून दोन-तीन सेटिंग पण बदलून घेतल्या.”

मामांनी फोन माझ्या हातात दिला.